दाजींचं बर्फाखालचं शहर

"थांबा, आत कुणी न्हाई ना, बगू द्या." असं म्हणत दाजी बर्फाच्या लादीला डोळा लावायचे आणि मगच टोचा मारायचे. गिऱ्हाईक उन्हात ताटकळलेलं, माझ्या रसवंतीचं घुंगरू वाजून वाजून दमलेलं, आणि हे लादीत माणूस शोधतायत! माझं डोकंच फिरायचं.

गेवराईच्या हायवेला आमची रसवंती आणि तिच्या पाठीमागे बर्फाचा कारखाना. दाजी तिथं कामाला. आता ते लेकीकडे असतात, पण तेव्हा शेजारच्याच घरात राहायचे. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायची, म्हणून ते दाजी. आणि दाजी म्हटल्यावर थट्टेचा परवाना आपोआप मिळतो, हे तुम्हाला काय सांगायचं!

त्यांना मोबाईलनं नादी लावलं होतं. दक्षिण ध्रुवावर मैलभर जाडीचा बर्फ, त्याच्याखाली दुसऱ्या ताऱ्यावरून आलेल्या लोकांचं अख्खं शहर. काल शिरूर कासारला जाऊन आल्यासारखं सांगायचे.

"समदी सरकारं दाबून ठिवत्यात, मेव्हणीबाई. पहारा बसवलाय तिथं. कावून बसवला, सांगा?"

"तिकडं नळाला रोज पाणी येतं का, तेवढं विचारा," मी म्हणायची.

"हसू नका. ती माणसं मरत न्हाईत. बर्फात निजत्यात, आन मनात आलं की उठत्यात."

ओट्यावर चहा घेत बसलेली अक्का पदर तोंडाला लावून हसायची. "लाद्या वाहून वाहून ह्यांचं डोकं इतळलंय लई."

फाल्गुनातल्या एका सकाळी अक्का भांडी घासता घासता कलंडली. दवाखाना गाठायच्या आतच गेली. एकुलती एक लेक, तीही नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात. टोळीवर गेलेल्यांसाठी आमच्याकडे माती थांबवावीच लागते, म्हणून कारखान्यातून लाद्या आणल्या. दाजींनीच त्या अक्काच्या भोवती रचल्या, भुसा लावला. डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, माणूस सुन्न झालाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक पोचली. रडारड झाली. तिरडी तयार होती. माणसं अक्काला उचलायला निघाली, तेवढ्यात दाजी दारात आडवे आले.

"हात लावायचा न्हाई कुणी. आजून लाद्या आणा. ती उठणार हाय."

आधी मला काही कळलंच नाही. त्यांचा थोरला भाऊ ओरडला, "आरं, माती कावून अडवतूस? येडा झालास का?"

दाजींनी मोबाईल काढून भावाच्या तोंडापुढे धरला. "बगा की! तिथली उठत्यात. हिला जरा टाईम द्या. जरासा द्या."

अगं बाई! ज्या बर्फाखालच्या शहराला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्याच्या भरवशावर हा माणूस बायको परत मागत होता. दोघे पाहुणे त्यांना ओढायला गेले, पण दाजींनी चौकट सोडली नाही. ऊन चढलेलं, लाद्यांचं पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहत होतं. आज उचललं नाही तर अक्काची विटंबना होणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

आत बसलेली लेक उठली. तिनं आईच्या पावलाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अण्णा, आईला गारठा सोसत न्हवता," ती बापाला म्हणाली. "थंडीत हात आखडायचे तिचे. तुमीच शेकून द्यायचात. किती येळ ठुलीत तिला ह्याच्यात?"

दाजींनी चौकट सोडली. मग आत वळले आणि दोन्ही हातांनी लाद्या ढकलू लागले. ढकलता ढकलता त्यांना हुंदका फुटला. अक्काचे हात त्यांनी उपरण्यानं पुसले, आपल्या तळव्यांत घेऊन चोळले.

"वाकळ द्या कुणीतरी. लवकर द्या, काकडली ती."

मी पळत जाऊन घरातली वाकळ आणली. मातीला वाकळ नेत नसतात, असं कोणीतरी पुटपुटलं.

"आज न्यायची," लेक म्हणाली.

दाजींनी वाकळ अक्काच्या गळ्यापर्यंत ओढली, कडेनं नीट खोचली, आणि तिरडीला पहिला खांदा त्यांनीच दिला.