अस्वलाला दिलेली चाल

शालू, मी मुंबईला निघाले त्या दुपारी तू एस.टी.च्या खिडकीखाली रडत उभी होतीस. गाडी हलल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही. "फुडच्या थांब्यापर्यंत येतंय," म्हणत बाबा आत चढले होते. मधल्या वाटेपलीकडच्या बाकावर कोणी तरुण बसला होता. त्याच्याकडे पाठ करून ते आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि माझ्याकडे बोट दाखवत कंडक्टरला मोठ्याने म्हणाले, "चेडू एकटा आसा, जरा बघा." सगळी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या थांब्याला ते उतरले. उन्हातून चालत परत गेले असतील. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

गिरण्यांचा संप फिसकटला होता. मावशीचे यजमान गिरणी सुटून मुलुंडच्या एका कारखान्यात लागले होते. त्यांच्या दीड खोलीत माझी वळकटी पडली. चित्रं बरी काढते म्हणून अंधेरीला कार्टून फिल्म बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मला काम मिळालं. इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, सात टेबलं, प्रत्येक टेबलाच्या काचेखाली दिवा. एकेक हालचाल कागदावर काढायची, मग ती पारदर्शक प्लास्टिकवर गिरवून रंगवायची. तिथे मी 'माका-तुका' सोडलं. महिन्याभरात 'काय यार', 'झकास ना' करायला लागले. शेजारच्या टेबलावरची रोहिणी घाटकोपरची. तिने गाव विचारलं तेव्हा मी मुलुंड सांगितलं.

फिल्म अस्वलांच्या कुटुंबाची होती. दोन पिल्लं आणि त्यांना क्षणभर नजरेआड न करणारा बाप. पण हा बाप चालायला लागला की लाकडी दिसायचा. कंपनीचे सर वैतागले. "अरे, बाप आहे तो, कपाट नाही!"

तेव्हा मी उठले आणि टेबलांमधून बाबांसारखी चालून दाखवली. माडावरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय बाहेर फेकला जायचा, तो. लहानपणी आपल्या दोघींना व्हाळाच्या पाण्यातून पलीकडे नेताना त्यांना लागलेली सवय, कोणी मागे राहू नये म्हणून एक हात मागे पसरून चालायची, ती. सगळे पोट धरून हसले. मग मला चेवच आला. आपण झाडावर चढण्याआधी ते फांदी कशी हलवून बघायचे, अनोळखी माणसाला नखशिखांत कसे न्याहाळायचे, सगळं करून दाखवलं.

"हेच पाहिजे!" सर म्हणाले. "कुठून सुचलं गं?"

"असंच," मी म्हटलं.

पुढे कित्येक महिने मी बाबांना अस्वलाचे केस लावून रंगवत होते.

मग बाबा आले, न कळवता. सुटायला उशीर होतो असं मी पत्रात लिहिलं होतं, म्हणून त्यांना माझा जायचा-यायचा रस्ता बघायचा होता. मावशीच्या यजमानांनी त्यांना भर दुपारी गाळ्याच्या दारात सोडलं. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात कुळथाच्या पिठाची पिशवी. मला शोधत ते टेबलांमधून चालत आले.

रोहिणी बघतच राहिली. "ए, आपलं अस्वल आलं बघ!"

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. बाबांना वाटलं, आपलं स्वागत चाललंय. तेही हसले. सरांनी मला विचारलं, "कोण गं हे?"

"गावचे आहेत," मी म्हणाले. "शेजारी."

बाबांचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग सरांपुढे हात जोडून म्हणाले, "होय, शेजारी मी. हिच्या बापाशीन धाडल्यान माका. चेडू बरा आसा काय बघून ये म्हणान."

तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी मान खाली घालून रंगवत राहिले. मी सुटेपर्यंत बाबा बाहेर जिन्याशी बसून होते. परत जाताना गाड्यांच्या बाजूने ते चालले, आतल्या बाजूने मी. एवढंच बोलले, "रस्त्यार दिवे आसत. बरा आसा." तिसऱ्या दिवशी गावी निघून गेले.

फिल्म पुरी झाल्यावर आम्हा प्रत्येकाला तिची एक व्हिडिओ कॅसेट मिळाली. माझी तू नेलीस. जत्रेत व्हिडिओ आणून ती लावली तेव्हा तू लिहिलं होतंस, बाबांना आबा म्हणणारी गावातली पोरं ओरडली, "ह्यो तर आमचो आबा!" आणि बाबा उभं राहून सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्या चेडवान काढल्यान!" मी खूश होईन असं तुला वाटलं. मला ते पत्र मावशीला वाचून दाखवता आलं नाही.

त्या मे महिन्यात मी बाबांना परसात गाठलं. ते काथ्या वळत बसले होते. "बाबा, त्या दिवशी गाळ्यात मी..."

"खंयच्या दिवशी? माका काय आठवणा नाय गो."

आठवत होतं, शालू. त्यांनी मान वर केली नाही, त्यावरून कळलं. माफी मागायचीसुद्धा लाज माझ्या वाट्याला येऊ नये, म्हणून ते आडवे उभे राहिले. पुन्हा विषय काढायचा धीर मला झाला नाही. आता ते नाहीत.

मुलुंडला माझी स्वतःची जागा आहे. गावी आले की तुम्ही सगळे माझं कौतुक करता आणि मी पानावरून लवकर उठते. आपली चूक माहीत असूनही जिथे आपलं पान वाढतात, त्याला मी आता घर म्हणते. माझी चूक माहीत असलेला एकच माणूस होता. म्हणून आज तुला लिहिलं. मे महिन्यात येणार आहे. हे वाचूनही तू 'ये' म्हणालीस, तर मी घरी येईन. नाहीतर नुसती गावी येईन.