लाल, पांढरं, निळं नको

सात महिन्यांत मुलीकडून मला थेट आलेला पहिला मेसेज म्हणजे कपड्यांची यादी होती. इंग्रजीत, आकडे टाकून. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, हातमोजे, टोपी आणि तोंड झाकायची जाळी. सगळं कॅमोफ्लाज, म्हणजे लष्करी गणवेशावर असतात तशा हिरव्या-तपकिरी डागांचं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती. लाल, पांढरं, निळं काहीही नको, पायमोजेसुद्धा नकोत. वर 'हाय बाबा' नव्हतं आणि खाली 'टेक केअर' नव्हतं. मी तो मेसेज ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून, तीनदा वाचला आणि 'नोटेड' असं उत्तर पाठवून दिलं.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये तिने फोन करून सांगितलं होतं की ती लग्न करते आहे. मुलगा अमेरिकन, तिच्याच ऑफिसातला, लग्न पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, तुम्ही दोघं या. मी म्हणालो, "आम्ही नाही येणार." त्या 'आम्ही'मध्ये बायकोला मी न विचारताच धरलं होतं. ती शेजारीच बसली होती आणि लगेच म्हणाली, "मी येणार." मुलगा चांगला होता. आक्षेप घ्यावा असं त्याच्यात काही सापडेना, आणि बहुधा त्याचाच मला जास्त राग आला. त्यानंतर मुलगी आईच्या फोनवर फोन करायची. चुकून मी उचलला तर 'आई आहे का?' एवढंच विचारायची. मीही 'देतो' म्हणून देऊन टाकायचो. अशा रीतीने आम्ही दोघं एकमेकांवर रुसून बसलो होतो आणि रुसण्यात ती माझ्यापेक्षा कमी नव्हती.

एप्रिलमध्ये बायको तिकडे, अमेरिकेला जाणार होती, साड्यांचं आणि दागिन्यांचं ठरवायला. तिचं तिकीट झालं होतं. माझं विचारलंच नव्हतं कुणी. मग मार्चमध्ये एके दिवशी मुलाच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. लाल गालांचा, दणकट माणूस, मला ऐकायला कमी येतं अशा समजुतीने सावकाश आणि मोठ्याने बोलणारा. डोंगराळ भागात त्यांची जमीन आहे, त्यावर रान आहे आणि वसंतात त्या रानात ते टर्कीच्या शिकारीला जातात. टर्की म्हणजे मोराच्या नात्यातला असावा असा, पण देवाने घाईत उरकलेला पक्षी. घरातल्या नव्या पुरुष पाहुण्याला त्या शिकारीला नेण्याची त्यांची पद्धत होती. बंदूक त्यांच्याकडेच राहणार, मी नुसतं त्यांच्या शेजारी झाडाला टेकून बसायचं. मी आयुष्यात डास आणि झुरळं सोडून काही मारलेलं नाही. रविवारी कोंबडी खातो, पण ती दुसऱ्या कुणीतरी कापलेली. तरी मी हो म्हणालो. तिच्याकडे जायला निमित्त हवं होतं आणि ते त्या माणसाने आपणहून माझ्या हातात दिलं होतं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी कतारमध्ये सव्वीस वर्षं सेफ्टीत आहे. प्लांटवर माणूस लांबून दिसला पाहिजे, क्रेनवाल्याला दिसला पाहिजे, धुळीत दिसला पाहिजे, हे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. भडक नारिंगी जॅकेट न घातलेल्या माणसाला मी गेटवरून परत पाठवतो, मग तो मजूर असो की मॅनेजर. मुलगी लहान असताना एकदा मी साइटवरून थेट तिच्या शाळेत गेलो होतो, ते जॅकेट तसंच अंगावर. पालकसभा होती. तिने मला लांबूनच ओळखलं आणि पाण्याच्या कूलरमागे जाऊन उभी राहिली. अशा माणसाने दिसू नये म्हणून कपडे शोधायला निघणं हे माझं मलाच विचित्र वाटत होतं. पण काम म्हटलं की मी नीट करतो. दोन दिवस वाचून काढलं. टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर अतिशय तीक्ष्ण. रंग दिसतात. हात जरा हलला, कपाळ चकाकलं, की गेलाच तो.

दोह्यात शिकारीच्या सामानाची दुकानं आहेत, पण ती ससाणे पाळणाऱ्यांसाठी आणि हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकणाऱ्यांसाठी. शुक्रवारी दुपारी मी तीन दुकानं पालथी घातली. जिकडे तिकडे वाळू. वाळूच्या रंगाचे शर्ट, वाळूच्या रंगाच्या टोप्या, वाळूवर फिकट वाळूचे डाग. तिसऱ्या दुकानात केरळचा एक विक्रेता होता. मी त्याला हिंदीत म्हणालो, "हरा चाहिए, जंगल वाला." तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "सर, इधर जंगल किधर है?" ऑनलाइन मागवावं तर येईपर्यंत विमान निघून गेलं असतं.

तेव्हा मला शिंपी आठवले. आमच्या कंपनीचे कव्हरॉल, म्हणजे कामगार घालतात ते अंगभर एकसंध पोशाख, दुरुस्त करायला इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या दुकानात जातात. दुकान चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे, साठीच्या पुढचे. माझ्याशी ते हिंदी बोलतच नाहीत. दुकानाबाहेर कंपन्यांच्या बसेस उभ्या होत्या आणि आत इस्त्रीची वाफ कोंडलेली होती. मी फोनवर त्यांना त्या रानाचा फोटो दाखवला. मुलीने गेल्या एप्रिलमध्ये आईला पाठवलेला होता, फोटोत ती आणि तो मुलगा ओंडक्यावर बसलेले. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून, दोन बोटांनी फोटो मोठा केला. त्या दोघांना बाजूला सारून ते झाडंच बघत राहिले.

"सायेब, बसणार कसं? झाडाला पाठ लावून?"

"हो."

"जमिनीवर?"

"जमिनीवरच."

"मग शर्ट नि पँट एकाच कापडाचा कशाला? बघा, खाली सगळी गेल्या सालची सुकी पानां. वर कोवळी पालवी. पाय सुक्या पानांत, अंग पालवीत. पँट तपकिरी करू, शर्ट हिरवा."

हे मी दोन दिवस वाचत होतो त्यात कुठेतरी होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. चाचा लहानपणी मामाबरोबर भातावर येणारी रानडुकरं हाकायला माळ्यावर बसायचे. मामा त्यांना पांढरी गंजी घालू द्यायचा नाही. "चांदण्यात गंजी दिसते, सायेब. डुक्कर हुशार जात," ते म्हणाले. कापड मात्र त्यांच्याकडे नव्हतं. मला घेऊन ते एशियन टाउनमधल्या एका कापडवाल्याकडे आले. तिथे त्यांनी तागे उलगडून घेतले, फोटोशेजारी धरले, चुरगळून कानाशी नेले. सळसळणारं कापड बाद. चकाकणारं बाद. अर्ध्या तासाने दोन कापडं ठरली. बटणं प्लॅस्टिकची, तपकिरी.

"खलास," चाचा म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी घेऊन जा, इन्शाल्ला." मग माप घेताना, टेप माझ्या छातीभोवती असताना, त्यांनी विचारलं, "पोरीकडं जाताय?" मी हो म्हणालो. "मग जरा सैल ठेवतो," ते म्हणाले. "तिकडं खायला घालतील."

शुक्रवारी कपडे आणले. घालून आरशासमोर उभा राहिलो तर पोट, चष्मा आणि पिकलेल्या मिशा यांसकट मी पूर्णपणे दिसत होतो, पण चाचांवर माझा भरवसा होता. कपडे काढून पलंगावर ठेवले आणि अंघोळीला गेलो.

आमच्या घरी नवा कपडा हळदकुंकू लावल्याशिवाय अंगावर चढत नाही. बायको नवं कापड देवापुढे नेते, आमचे देव स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात आहेत, आणि पाण्यात भिजवलेल्या हळदीचं आणि कुंकवाचं बोट त्याला टेकवते. माझ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत तो डाग आहे. साइटवरच्या नारिंगी जॅकेटांनाही लावते. मला त्याची इतकी सवय की मी ते बघतही नाही. अंघोळ करून बाहेर आलो तर शर्ट हँगरला लावलेला होता आणि या वेळी डाग कॉलरच्या आत नव्हता. डाव्या खिशावर होता, ठसठशीत, बोटभर रुंद.

"इथे का लावलंस?" मी ओरडलोच.

"बंदुकीचं काम आहे," ती म्हणाली. "म्हटलं आत कशाला, छातीवरच असू दे."

मी तिला समजावून सांगितलं. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. रानात आजूबाजूला दुसरे शिकारी असू शकतात. पानांच्या फटीतून त्यांना लाल ठिपका हलताना दिसला की ते तो पक्षीच समजतात. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. ती यादी मी तिला दाखवलीच नव्हती. मुलीने मला पाठवली होती म्हणून ती मी फोनमध्ये जपून ठेवली होती, एकट्यापुरती. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दोनशे माणसांना उभं करून आजचे धोके सांगणारा मी, घरातल्या एका माणसाला सांगायचं विसरलो होतो. विसरलो होतो असंही नाही. वाटून घ्यायचं नव्हतं.

तिने शर्ट बेसिनमध्ये नेला. पाणी लागल्यावर कुंकू पसरलं. साबण लावल्यावर गुलाबी झालं आणि मग अर्ध्या खिशावर तसंच बसलं. दोन वेळा घासून तिने नळ बंद केला, ओल्या हातांनी फोन घेतला आणि मुलीला लावला. तिकडे सकाळ होती. फोन स्पीकरवर होता.

"बाबांच्या त्या शर्टाला कुंकू लागलंय माझ्या हातून," ती म्हणाली. "निघत नाहीये."

मुलगी आधी हसली. मग म्हणाली, "वेट. कुठे लागलंय?"

"खिशावर. छातीच्या."

मग ती भराभर बोलायला लागली, निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. मुलाच्या काकांनी एकदा रानात नाक पुसायला लाल रुमाल काढला होता. त्यांच्या खांद्यात अजून छर्रे आहेत. म्हणजे ती ओळख नसलेल्या माणसासारखी यादी पाठवून मोकळी झाली नव्हती, काळजीने शेवटची ओळ ठळक केली होती. "तुम्ही लोक वाचत का नाही नीट," असं ती म्हणाली, आणि मी दारात उभा राहून ते सगळं ऐकत होतो. बायको म्हणाली, "तूच बोल मग त्यांच्याशी. मला काही कळत नाही यातलं."

"बाबा आहेत तिथे?"

मी म्हणालो, "आहे."

"बाबा, एक विचारू?" तिचा आवाज एकदम ऑफिसमधल्यासारखा झाला. "तुम्ही वेडिंगला येताय, की फक्त टर्कीसाठी?"

मला तो प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. एवढे दिवस मी असं धरून चाललो होतो की एप्रिलमध्ये गेलो, त्या माणसाशेजारी झाडाला टेकून निमूट बसलो, की बाकीचं आपोआप समजलं जाईल. मी रान वाचलं, पक्षी वाचला, कापड शोधलं, बटणांचा रंग बघितला. ऑगस्टमध्ये तोंडातून गेलेलं ते वाक्य मात्र तसंच राहू दिलं होतं. मला लाज वाटली. बायको माझ्याकडे बघत नव्हती, ती बेसिनमधल्या शर्टाकडे बघत होती.

"लग्नाला येईन की," मी म्हणालो. "तू बोलावलंस तर."

"मी बोलावलंच होतं, बाबा. तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

ती वाट बघत होती, आणि मला माहीत होतं ती कशाची वाट बघत होती, आणि ते म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ लागायला नको होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मी तेव्हा असं बोलायला नको होतं. मला यायचंय लग्नाला."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नवीन शिवून घ्या शर्ट," ती म्हणाली. "तो नाही घालायचा. प्रॉमिस करा. अजून टाइम आहे ना? नसला तर रानात जाऊच नका तुम्ही, मी सांगते त्यांना. माझ्याबरोबर घरी थांबा."