सॉ लेर मूचा कोपरा

अकराव्या वर्षी तुम्ही कुणाला 'हो' म्हणालात, आठवतं का?

लेर मूला आठवतं; 'सॉ' हे आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी लावतात. बाकी पुष्कळ काही निसटत चाललंय, ते 'हो' मात्र पक्कं आहे. पॅगोड्याची जत्रा होती, नदीकाठच्या वाळूत बांबू रोवून दोर बांधलेले. आमची लढत उघड्या मुठीची, हाताला नुसती पट्टी, आणि डोक्याने हाणलेलंही चालतं. समोरच्या पोराने कपाळ मारलं आणि लेर मू आडवा झाला. पडलेल्याला आमच्याकडे एक सवलत असते: त्याच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाने मागितली तर दोन मिनिटं मिळतात, एकदाच. तेवढ्यात पाणी मारायचं, कान पिळायचे, शुद्धीवर आणायचं आणि परत आत लोटायचं.

"मागू का रे?" त्याच्या कोपऱ्यात बसलेल्या काकाने विचारलं. "की जातोस आईच्या कुशीत?"

"मागा," लेर मू म्हणाला.

शेवटच्या घंटेला दोघंही उभे होते, आणि उभा राहिलेला आमच्यात हरत नाही. गावाने त्याला खांद्यावर नाचवलं. त्या खांद्यांच्या नादाने तो पुढे अठरा वर्षं लढला, आणि किती वेळा पडला ते कुणी मोजलं नाही.

आता त्रेचाळिशीत तो नदीवर नाव चालवतो. गेल्या पावसाळ्यात भर नदीत त्याने वल्हं थांबवलं. होडीत सात माणसं. आपण या काठावरून त्या काठाला चाललोय की उलट, तेच त्याला कळेना. पाण्याचा नुसता आवाज येत होता. एक म्हातारी खेकसली, "काय रे, झोपलास की काय मेल्या?" तेव्हा ती बघत होती तिकडे त्याने होडी नेली. घाम मात्र रात्रीपर्यंत सुटत होता. बायकोला, नॉ दाला, तो काही बोलला नाही. गावालाही नाही. कारण जत्रेत कोपरा त्याचाच असायचा. पडलेलं पोर उठवावं तर लेर मूनेच, असं गाव म्हणायचं. कोपऱ्यात नेहमी जुना लढवय्याच बसवायचा, ही आमच्या गावची रीत. बाईने तर त्या दोराला हातही लावायचा नाही. लढायला पोरी चालतात बरं का! कोपऱ्यात बाई चालत नाही.

यंदा त्याची स्वतःची पोर उतरली. पॉ वा, बारा वर्षांची. तिने दंड थोपटले आणि सनई-ढोल सुरू झाले, तेव्हा लेर मू खांद्यावर फडकं टाकून तिच्या कोपऱ्यात बसला. दुसऱ्या फेरीत कोपर बसलं, कानाच्या वर. ती बसकण मारल्यासारखी खाली गेली.

त्याने तिला कोपऱ्यात ओढलं. डोळे उघडे होते, पण नजर त्याच्या मागे कुठेतरी लागलेली.

"पा, दोन मिनिटं मागा ना."

"थांब. सांग, सकाळी काय खाल्लंस?" सगळ्या पोरांना तो हेच विचारायचा. त्यांच्या तोंडाकडे बघितलं की त्याला कळायचं.

"अंबाडीचा रस्सा. आणि भात."

लेर मू मान हलवायला गेला आणि थिजला. सकाळी अंबाडी होती का? चूल आठवेना. ताटली आठवेना. सकाळच नव्हती. पोर शुद्धीत आहे की बरळतेय, हे ज्याने सांगायचं त्याचंच डोकं कोरं!

"अरे माग की!" मागून ओरडा सुरू झाला. "बापासारखी उठेल ती!"

"पा, लोक हसतील. मागा ना!"

पंच वाकून बघत होता. हात वर केला की दोन मिनिटं. बस, हात वर करायचा. लेर मूने गर्दीकडे बघितलं. दहा हातांवर नॉ दा उभी होती, दोराबाहेर, गर्दीत दाबलेली. तिने चूल पेटवली होती, तिला माहीत होतं.

"नॉ दा!" तो ओरडला. "सकाळी आपण काय खाल्लं?"

आधी लोक हसले. "लेर मूला भूक लागली!" कुणीतरी म्हणालं. नॉ दा हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिने पोरीचं नाही, त्याचं दुखणं ओळखलं.

"पॉ वाच्या बापा," ती हळू म्हणाली, "तुला आठवत नाही?"

मग तिने तो दोर उचलला आणि आत आली. "अगं बाई, अगं!" करत दोघं धावले, तिने त्यांना ढकलून दिलं. पोरीची हनुवटी धरून ती म्हणाली, "अंडं घालून परतलेला भात होता, बाळ. अंबाडी परवा."

लेर मूने खांद्यावरचं फडकं आत फेकलं. फडकं पडलं की हार कबूल; लढत संपली.

पॉ वा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. ती बरी आहे म्हणतात. रोज सकाळी नॉ दा दोघांनाही एकेक प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत भांडं हातात धरून उभी राहते. पोरीचं उत्तर पटकन येतं. त्याचं कधी येतं, कधी नाही. परवा त्याने पोरीलाच विचारलं, "तू कुणाची गं?" आणि लगेच म्हणाला, गंमत केली.

जत्रा पुन्हा येतेय. गावाने नॉ दाला दंड लावलाय, दोर बाटवला म्हणून. तुमच्या गावातही असा आखाडा असेल, कुठल्याही खेळाचा असो. माझं एवढं ऐका: कोपऱ्यात एक तरी माणूस असं उभं करा, ज्याने डोक्यावर कधी मार खाल्लेला नाही. पोराची आई असेल तर तिलाच करा, आणि कुणी अडवलं तर अडवणाऱ्याला बाहेर काढा.