पेटीतली बहीण

जानेवारीतली थंडी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जरा जास्तच चावते. आजूबाजूला उघडं माळरान, आडोसा म्हणून काही नाही. जिनिंगच्या पत्र्यांवर साचलेलं दव सकाळी आठपर्यंत टपटप गळत असतं. अशा सकाळी कापसात पाणी असतंच, कुणी मारलेलं असो की आभाळानं दिलेलं. म्हणून या दिवसांत धम्मरत्न खोब्रागडे कुणाचंच ऐकून घेत नाही. डोक्याला कानटोपी, अंगात बिनबाह्यांचं स्वेटर आणि सदऱ्याची उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. काटा आलेला तो हात घेऊन तो फाटकाशी लागलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेतून हिंडतो.

तो जिनिंगचा ग्रेडर. अकरा वर्षं झाली. कापूस पाहून, दाबून, धागा ताणून त्याची प्रत ठरवायची आणि प्रतीवरून भाव. वरचा कापूस तो पाहतसुद्धा नाही. "वरचा कापूस देखनाच असते, नवरदेवाच्या फेट्यावानी," असं म्हणतो आणि हात बगलेपर्यंत ढिगात खुपसून बुडाशी मूठ आवळतो. तीन ठिकाणी तीन मुठी. तीन मुठीत अख्खी गाडी बोलते, हे त्याला वस्तादानं शिकवलं होतं, आणि अकरा वर्षांत गाडी कधी खोटं बोलली नव्हती.

त्या सकाळी तांड्यावरच्या धावजीची ट्रॉली होती. वर कापूस असा की उशीत भरावा. धम्मरत्ननं तिसरी मूठ बुडातून काढली आणि धावजीच्या गालाला लावली.

"गार लागते ना?"

"दव हाय साहेब थे. दव!"

"दव वरून पडते, धावजीभाऊ. बुडातून उगवते काय?"

रांग खिदळली. धावजीही हसला, पकडला गेल्यावर हसायची त्याची रीतच होती. "हात होय का नाग होय बापा? बरोबर बिळात शिरते."

भावात काट लागली, ट्रॉली आत गेली. पण धम्मरत्नचं चित्त तिथं नव्हतं. घरी टीव्हीसमोर बसून त्याची बहीण या वेळी डुकरं मारत असणार, हे त्याला ठाऊक होतं. आजची चाळीस झाली असतील की नाही?

उर्वशी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. राजूरला दिलेली. नवरा कोळशाच्या खाणीत, ती अंगणवाडीत. डिसेंबरात स्कूटी घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. नवऱ्याच्या पाळ्या, म्हणून पोरी सासूनं सांभाळल्या आणि उर्वशी माहेरी आली. चौदा वर्षांत ती माहेरी चार दिवसांवर कधी टिकली नव्हती. आता एकदम सहा आठवडे! धम्मरत्नला पाय मोडल्याचं दुःख झालं, पण आतून उकळ्याही फुटल्या.

कारण लहानपणी हे दोघं खेळगडी होते. बाप, बाबाराव, यवतमाळच्या बाजारातून पिवळ्या कॅसेटीचा टीव्ही गेम घेऊन आला होता. कॅसेटीवर लिहिलेलं नव्याण्णव हजार गेम, निघाले नऊ. तरी बिचारे नऊच्या नऊ पहिल्या दिवसापासून उघडे होते. रविवारी दोघं जोडीनं खेळायचे. एक मेला की दुसरा त्याच्यासाठी थांबायचा. उर्वशी मेली तर रडायची, धम्मरत्न मेला तर टाळ्या पिटायची.

ते दिवस डोक्यात ठेवून त्यानं जुना कन्सोल घेतलाच होता. आता बहीण येणार म्हणून नवा कोरा गेम घेतला. पूर्ण किमतीचा. साडेचार हजार. नाव इंग्रजीत लांबलचक. त्याची माय, सत्यभामाबाई, त्याला किल्ल्याचा गेम म्हणायची. डब्याच्या चित्रात एक भाऊ तलवार घेऊन आणि एक बहीण धनुष्य घेऊन, मागं पेटलेला किल्ला. ते चित्र पाहूनच त्यानं पैसे मोजले. दोघांनी जोडीनं तो किल्ला एकदा घ्यायचा, प्लास्टर कापायच्या आत. दुसरं त्याला काही नको होतं.

पहिल्या रविवारी उर्वशीचा पाय स्टुलावर, दोघांच्या हातात दोन कंट्रोलर, मायनं दिलेल्या चिवड्याची ताटली मधे. गेम सुरू झाला. भाऊ तलवार घेऊन उभा राहिला. बहिणीच्या जागी काळी सावली, आणि सावलीवर कुलूप.

"माहा मानूस कोठी गेला?" उर्वशीनं विचारलं.

धम्मरत्ननं चार बटणं दाबली, वाचलं, पुन्हा वाचलं.

"अरे दादा, बोल ना!"

"पेटीत हाय."

"म्हंजे?"

"पाच तुकडे हायेत तिचे. पेट्या उघडाच्या. नशिबानं एकेक तुकडा निंघते. पाची भेटले का बहीण भेटते."

"काय बोलून राह्यला रे!" माय स्वयंपाकघरातून ओरडली. "बहिनीचे तुकडे कायले करून राह्यले? कोन होय थो मेला?"

पेटीला किल्ली लागायची. किल्ली दोन वाटांनी मिळायची: एक तर पैसे टाकून, नाही तर तीनशे रानडुकरं मारून. तीही एका दमात नाही. रोज चाळीस झाली की पडद्यावर पाटी यायची, की तुमचा वीर थकला, उद्या या. वीर थकू नये असं वाटत असेल तर त्याचेही पैसे.

"आपल्या इकडे खरेखुरे डुकरं तूर खाऊन राह्यले," उर्वशी म्हणाली, "अन् हे आपल्याकडून पैसे घेऊन आपल्याकडूनच डुकरं मारून घेऊन राह्यले. वनखात्यात तरी पगार देतीन."

हसली, पण लागली मारायला. दादा कामावर गेला की ती टीव्हीसमोर बसायची. दुखरा पाय स्टुलावर, अंगठा बटणावर. डुक्कर येतं, बटण, पडतं, दुसरं येतं. तेच रान, तेच झाड, तेच डुक्कर. संध्याकाळी धम्मरत्न विचारायचा, "झाले?" ती म्हणायची, "झाले." आराम करायला आलेल्या पोरीच्या अंगठ्याला घट्टा पडला. माय रोज ऐकवायची, "डोये फुटतीन तुमचे दोघाचे. त्याले नवरी पाहाची सोडून तू त्याले डुकरं पाहून देऊन राह्यली."

तीन आठवड्यांत दोन पेट्या उघडल्या. एकीत जोडे निघाले, एकीत टोपी. जोडे भावाच्या पायात बसत नव्हते.

चौथ्या आठवड्यात पगार झाला आणि धम्मरत्नच्या हाताला खाज सुटली. त्यानं ठरवलं, ग्रेडरच्या रीतीनं पाहू. पैसे टाकून तीन पेट्या घ्यायच्या. तीन मुठी. ढीग कसा आहे तेवढं कळलं की पुढचं ठरवू.

पहिल्या पेटीतून पडदाभर सोनेरी उजेड फुटला. वाजंत्री वाजली. बहिणीचा एक तुकडा! दुसरीतून तिचं धनुष्य. तिसरीतून पुन्हा तुकडा, दुसऱ्या नंबरचा.

उर्वशीनं स्टुलावरचा पाय आपटला आणि किंचाळली. दुखण्यानं की आनंदानं, तिलाही कळलं नाही.

"माल चांगला हाय," धम्मरत्न अगदी जिनिंगमधल्या आवाजात म्हणाला. "तिन्ही मुठी एक नंबर. गाडी घेऊन टाकू."

आणि त्यानं गाडी घेतली. एकदम पंधरा पेट्या.

टोपी. टोपी. जोडे. निळं पागोटं. ढालीवर लावायचं चिकटचित्र. जोडे, तेच. दुसऱ्या नंबरचा तुकडा, जो होताच. तो आपोआप विरघळून त्याची दोन नाणी झाली. टोपी. सातव्या पेटीपासून वाजंत्रीही वाजेना, नुसती फुस्स. पंधराव्या पेटीतून निघाली एक मिशी. भावाला लावायची मिशी.

पडद्यावर भाऊ मिशीला पीळ देत उभा होता.

धम्मरत्नला सगळ्यात आधी उमगलं ते हे, की पैसे गेले त्यापेक्षा हात गेला. वरचा कापूस देखणा रचलेला होता. पहिल्या तीन मुठी त्यानं काढल्याच नव्हत्या, त्या त्याच्या हातात ठेवल्या गेल्या होत्या. इथं बुडाशी हात घालायला जागाच नव्हती, आणि जागा नाही हे दिसत असून त्यानं भाव ठरवला. शेतकऱ्याचं शेंबडं पोरगंही बंद पोत्यावर भाव ठरवत नाही. चिवड्याची ताटली त्यानं लांब सरकवली.

दुसऱ्या दिवशी धावजी पुन्हा आला, या खेपेला खरंच कोरडा कापूस घेऊन. तिन्ही मुठी स्वच्छ निघाल्या, तरी धम्मरत्ननं चौथी काढली, पाचवी काढली.

"काहून साहेब, आज इस्वास नाई काय?"

का कोण जाणे, धम्मरत्ननं त्याला सगळं सांगून टाकलं. धावजी ट्रॉलीच्या काठावर बसून ऐकत होता, बिडी विझून गेली तरी.

"म्हंजे गेम इकत घेतला, पैसे पुरे देल्ले?"

"पुरे."

"अन् त्यातला अर्धा त्याहीनं पेटीत ठेवला?"

"हव."

"अन् पेटी बंद."

"बंद."

धावजीनं बिडी फेकली. "माह्या कापसात ओंजयभर पानी सापडलं तं तुमी भाव काटता. चारचौघात गालाले लावता. त्याहीच्या पेटीत तं कापूसच नाई! त्याहीचं काय काटलं?"

रांगेतल्या कुणीतरी म्हटलं, "साहेबाची मिशी काटली," आणि धावजीनं त्याला शिवी हासडली. पण दिवसभर जो तो येता-जाता स्वतःच्या ओठांवर बोट फिरवून दाखवत होता.

त्यानं गेम परत करायचा प्रयत्न केला. यवतमाळात रजतच्या दुकानात गेला. रजतनं डबा उलटासुलटाही केला नाही. "भाऊ, हा एकदा तुमच्या खात्याले जोडला ना, मंग दुसऱ्याच्या कन्सोलवर चालत नाई. पांढरा हत्ती होय. घरीच ठेवा." जुनी म्हैस बाजारात विकता येते, जुनी लोखंडी खाट भंगारात जाते, ही चीज विकताही येईना, फेकावीशीही वाटेना.

उर्वशी मात्र थांबली नव्हती. "एवढे मारले, आता सोडाचे?" हेच तिचं म्हणणं. गेममधली मेख अशी, की जेवढं जास्त वाया जाईल तेवढं सोडणं जड. चौथा आठवडा सरता सरता एक तुकडा, पाचव्यात एक. आणि सहाव्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी, उद्या प्लास्टर कापायचं आणि परवा राजूरची एसटी धरायची, अशा वेळी, पाचवा तुकडा निघाला.

कुलूप तुटलं. सावलीत रंग भरला. बहीण धनुष्य घेऊन भावाशेजारी उभी राहिली.

"आली वो माय!" उर्वशी ओरडली. "मी आली!"

माय पोळ्या टाकणं सोडून दारात आली. धम्मरत्ननं दुसरा कंट्रोलर बहिणीच्या हातात दिला. दोघांनी दोन वीर पळवत नेले, पूल ओलांडला, पेटलेला किल्ला समोर आला. दरवाजा उघडला, भाऊ आत गेला, आणि बहिणीच्या तोंडावर दरवाजा मिटला.

पाटी आली. डुकरं मारून भावाची लेव्हल वाढली, बहीण अजून पहिल्याच लेव्हलवर आहे. किल्ल्यात जायला तिसावी लेव्हल लागते. डुकरं मारा. खाली चमकत होतं: फक्त आज, सोन्याची पेटी अर्ध्या किमतीत.

उर्वशीनं पाटी दोनदा वाचली. मग थंडपणे विचारलं, "किती डुकरं?"

धम्मरत्ननं मनात हिशेब घातला. "रोज चाळीस पकडले तं… होळीपर्यंत."

तिनं कंट्रोलर खाटेवर ठेवला. ठेवला म्हणजे टाकलाच.

"सा आठवडे मी ह्या खोलीत हाय दादा," ती म्हणाली. "तू आला का पहिले विचारतं, झाले काय? कवा विचारलं, पाय कसा हाय? मीबी नाई सांगतलं म्हना. माह्या मोठ्या पोरीनं शाळेत पहिला नंबर काढला, थेबी नाई सांगतलं. डुकराचा आकडा सांगतला." तिनं तोंड पुसलं. "थुत्!"

ती थुंकी कुणावर, हे कुणी विचारलं नाही. धम्मरत्नच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो उठला, यादीत गेला, गेम पुसायला लावला. खरंच पुसायचा का, म्हणून पडद्यानं विचारलं. हो. तुमच्या पेट्या, टोप्या, वीर जातील. हो. शेवटी पडद्यावर भाऊ-बहीण दोघं हात जोडून आले, डोळ्यांत पाणी आणून, आणि खाली पुन्हा अर्ध्या किमतीची पेटी.

"रडून बी इकून राह्यले लेकाचे," धम्मरत्न म्हणाला आणि बटण दाबलं.

डबा त्यानं चुलीत घालायला मायकडे दिला. माय म्हणाली, प्लास्टिक हाय, धूर होईन, घान वास सुटन. आणि तो पायपुसण्याखाली सरकवून दिला. उर्वशीनं पोरीच्या पहिल्या नंबरची हकीकत आता पहिल्यापासून सांगायला घेतली. कोणत्या विषयात किती, बाईंनी काय म्हटलं. धम्मरत्न ऐकत होता.

बाहेर गल्लीत आरडाओरड झाली. "नळ आले वो! नळ आले!" सहाव्या दिवशी आले होते, आणि कितीक वेळ राहतील त्याचा नेम नव्हता.

"ऊठ धम्मा, पाइप लाव," माय म्हणाली. "डरम पहिले, हंडे-गुंड मंग. पहिल्या पान्यात गाळ असते, थे सोडून दे."

तो उठला. उजवी बाही गुंडाळली, पाइपाचं तोंड नळाला घट्ट बसवलं, आणि गढूळ पाणी निघून जाईस्तोवर उंबऱ्याशी उकिडवा बसून राहिला.