तोंडाचा वास

शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलं अजूनही ओरडतात, "मॅडम, गंमत सांगा!" मी म्हणते, पुस्तकं काढा. एखादी चिवट पोरगी असतेच. ती म्हणते, "मॅडम, आमची ताई सांगते, तुमी आधी लय भारी गमती सांगायचा." सांगायचे गं बाई. आता नाही सांगत. काढ पुस्तक.

माझी मुलगी गेली त्याला दोन हंगाम झाले. आमच्याकडे वर्षं मोजायची ही एक रीतच आहे, साखर कारखाना पेटला की हंगाम सुरू. आम्ही भवानीनगरला राहतो, नवरा कारखान्यात कामाला, मी बारामतीच्या बाजूच्या एका गावात विज्ञान शिकवते. रोज स्कूटीवरून जायचं, यायचं. मी स्वभावानं तापट. शाळेत सगळे माझ्या रागाला घाबरायचे आणि गमतींसाठी जीव टाकायचे, दोन्ही एकाच वेळी. त्याचा मला फार अभिमान होता.

आणि गमती तरी किती! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. फुलपाखराला पायानं चव कळते. ऊस म्हणजे खरं तर गवत आहे, हे ऐकून तर उसाच्या फडात वाढलेली पोरं खवळायचीच. "मॅडम, मग आमचे आबा गवत लावत्यात व्हय?" असं एकानं विचारलं होतं. वर्ग हसून हसून लोळला होता. रात्रभर झोपून उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा जराशी उंच असतो, कारण पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दिवसभर दबतात आणि झोपेत फुगतात. ही गंमत माझ्या मुलीची सगळ्यात लाडकी. ती सकाळ-संध्याकाळ दाराच्या चौकटीपाशी उभी राहून पेन्सिलीनं रेघ मारायची. अकरा वर्षांची होती. फ्रॉक ढगळ व्हायला लागले, पण रेघा वर सरकत होत्या, म्हणून मी म्हटलं, उंची वाढतेय, अंग सुटतंय कुठं. मलाच माझं बोलणं पटलं.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात होता. आमच्या वळणावर उसाचे ट्रॅक्टर हळू होतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. शाळेतून येणारी पोरं मागून लोंबकळून ऊस उपसतात. चाकाखाली जायला किती वेळ लागतो? मी मुलीला बजावून ठेवलं होतं, ट्रॉलीला हात लावलास तर तंगडं मोडीन. ती म्हणायची, "आई, मी लांबूनच चालते गं."

एक दिवस मी शाळेतून घरी आले, तिला जवळ घेतलं, आणि तिच्या तोंडाला गोड, आंबूस वास आला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. माझं डोकंच फिरलं.

इथं माझी एक सवय सांगायला पाहिजे. वर्गात गुटखा, सुपारी, चोरलेला ऊस, काहीही असो, मी पोराला समोर उभं करून म्हणायची, "तोंड उघड. हा कर." वास घेऊन निकाल द्यायची. त्यावर भाषणही ठोकायची: पोरांनो, माणसाचं नाक म्हणजे साधं यंत्र नाही, हजारो वास वेगळे ओळखतं, त्याला फसवता येत नाही. पोरं खरंच कबूल व्हायची. माझा निकाल चुकला असं मला कुणी कधी म्हणालं नाही. म्हणायची कुणाची छाती होती!

मी मुलीला म्हटलं, "हा कर."

तिनं केलं.

"ऊस खाल्लास ना?"

"नाही आई."

"ट्रॉलीतला?"

"नाही गं. शप्पथ."

मी तिला एक चापट मारली. ऊस खाल्ला म्हणून नाही, खोटं बोलली म्हणून. असं मी तेव्हा तिला सांगितलंही. म्हटलं, चोरी एक वेळ चालेल, खोटेपणा माझ्या घरात चालणार नाही.

मग हे रोजचंच झालं. मी आले की पहिलं काम, हा कर. वास रोज असायचा. मी विचारायची, ती नाही म्हणायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी कोडगी झाली कधी ही? नवरा एकदा म्हणाला, "अगं, सगळ्या भवानीनगरलाच मळीचा वास येतोय, तिच्या तोंडाला कसला येणार?" मी त्यालाच शिकवायला बसले. म्हटलं, गावाचा वास आपल्याला पाच-दहा मिनिटांत जाणवेनासा होतो, नाक सवयीचा वास टाकून देतं. हा वास मला जाणवतोय, म्हणजे तो गावाचा नाही, हिच्याच तोंडाचा आहे. बघा, कसं बिनचूक सांगितलं मी! वास तिच्याच तोंडाचा होता. नाकानं खरं ते सांगितलं, पुढचा निकाल मी दिला.

ती पाणी खूप प्यायला लागली होती. बाटली भरून घ्यायची, रिकामी करायची, परत भरायची. मी म्हणायची, ऊस खाल्ला की तहान लागणारच. सारखी लघवीला मोरीकडं जायची. एवढं पाणी प्यायल्यावर जाणारच. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर तयार.

शेजारी एक चाची राहतात, त्यांच्या घरच्यांचं किराणा दुकान आहे. कपडे वाळत घालायला आल्या आणि मोरीत डोकावून म्हणाल्या, "मॅडम, मुंग्या बघा किती लागल्यात हितं. आन पोरगी लय वाळलीय वो. आमच्या सासऱ्यास्नी साखर झाली तवा मोरीला असंच झालतं. एकदा दवाखान्यात दावा की."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "चाची, साखर म्हाताऱ्या माणसांना होते. अकरा वर्षांच्या पोरीला कुठली साखर? आणि मुंग्यांचं म्हणाल तर एक मुंगी वाट काढते, जाताना वास सोडत जाते, बाकीच्या त्या वासावर येतात. हितं कारखान्यापाशी मुंग्यांना काय तोटा!" चाची म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं." आणि पिळे बादलीत टाकून गेल्या.

लहान मुलांनाही साखरेचा आजार होतो. त्यांच्या शरीराला साखर वापरता येत नाही, म्हणून शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्याचा गोडसर वास श्वासाला येतो. हे मी कधी तरी वाचलं होतं. वाचलं होतं हो! आपल्या श्वासातून शरीराच्या आतली खबर बाहेर येते, अशी एक गंमत मी वर्गात सांगितलीही होती. माहीत नसतं तर एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. उलट्या झाल्या. मी म्हटलं, खा अजून ऊस. ओवा चावायला दिला, आणि अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोजची पावडर घातलेलं पाणी दिलं. दोन ग्लास. आजारी पोरीला मी माझ्या हातानं, चमच्यानं ढवळून साखर पाजली. ती बिचारी गटागटा प्यायली, तहान केवढी होती तिला.

दहाच्या सुमाराला ती वेगळाच श्वास घ्यायला लागली. खोल, मोठा, धाप लागल्यासारखा, आणि हाक मारली तरी डोळे नीट उघडेनात. तेव्हा कुठं माझं धाबं दणाणलं. चाचींच्या मुलानं गाडी काढली. गाव ओलांडेपर्यंत मी तिला हलवून हलवून बोलतं ठेवत होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, रस्ता मिळेना, आणि मी खिडकीतून डोकं काढून त्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोलले.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. वाकल्याही नव्हत्या, तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नर्सला साखर तपासायला सांगितलं आणि मला विचारलं, "हा वास कधीपासून येतोय?"

त्यांनी विचारलं ते वासाचं. मी काय बोलले असेन? दहा-बारा दिवसांची सवय तोंडात बसली होती. म्हटलं, "मॅडम, ती ट्रॉलीतला ऊस खाते. किती सांगितलं तरी कबूल होत नाही."

मुलीनं डोळे उघडले. कुणाचा आवाज तिला ऐकू आला, काय समजलं, मला माहीत नाही. तिनं माझा हात चाचपडत धरला आणि म्हणाली, "हो आई. खाल्ला मी ऊस. रोज खाल्ला. तू रागावू नको."

नंतर ती काही बोलली नाही. डॉक्टरांनी हातचं काही राखून ठेवलं नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. एक-दोन दिवस आधी आणली असती तर, असं मी त्या बाईंना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला नको होता.

तेराव्यानंतर मी तिच्या वर्गातल्या मुलींना एकेकीला घरी बोलावून विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. ती कधीच ट्रॉलीपाशी गेली नव्हती. उलट दुसऱ्यांना ओढून बाजूला घ्यायची, म्हणायची, आमची आई रागावंल.

माझी मुलगी माझ्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि ते मी दहा-बारा दिवस मागे लागून तिच्याकडून वदवून घेतलं.