बिनसाखरेचं चॉकलेट

गल्लीत तिला केककाकू म्हणत, घरात थोरली. धाक दोन्हीकडे सारखाच. भरलेलं घर, एकच ओव्हन, आणि त्याचं बटण थोरलीखेरीज कुणी फिरवायचं नाही. वाढदिवस कुणाचाही असो, चॉकलेटचा केक तिचाच.

पुस्तकात बघून केक करणाऱ्यांची तिला कीव यायची. "कपभर चॉकलेट म्हणे! किसलेलं की तुकडे? किसलेलं कपात फुगून बसतं. अर्धं चॉकलेट तिथंच गायब!" हे धाकट्या जावेला ऐकवायचं, तेही पाहुण्यांसमोर.

दुकानात चॉकलेट नसलं तरी तिचं अडत नसे. तीन चमचे कोको, चमचाभर लोणी, की झाली कडू चॉकलेटची एक वडी. मग साखर. ती किती? इथं तिचं माप संपायचं आणि जीभ सुरू व्हायची. बोट बुडवायचं, चाटायचं, डोळे मिटायचे, आणखी चिमूटभर टाकायची. धाकटी बिचारी काट्यावर तोलायची. "अगं, केक करतेस की औषधाच्या पुड्या बांधतेस?" एकदा तर धाकटीनं हौसेनं लेकाच्या वाढदिवसाला केक केला, तेव्हा थोरलीनं तोंडातला घास सगळ्यांदेखत कागदी रुमालात काढून ठेवला. सगळे हसले. धाकटीही हसली. ते हसू कुणी नीट पाहिलं नाही, नाहीतर पुढचं सगळं तेव्हाच कळलं असतं.

मग थोरलीला ताप आला. ताप गेला तो जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. आली नाही. थोरलीनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. त्याला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटणं. चव गेली म्हटल्यावर ओव्हन गेला, आणि ओव्हन गेल्यावर या घरात आपण कोण? म्हणून बोट बुडवणं, चाटणं, डोळे मिटणं, सगळं नाटक पूर्ववत चालू. प्रमाण आठवणीतलं. गोड चॉकलेट असलं की साखर एक मूठ. निभत होतं.

धाकटीला संशय आला तो दुधामुळे. दूध पार करपलं, वास माडीवर पोचला, आणि थोरली शेगडीशेजारीच शांतपणे चॉकलेट किसत बसलेली! धाकटी काही बोलली नाही. बोलण्यासारखं काही हाती लागलं की ती मुळीच बोलत नसे.

सासऱ्यांचा वाढदिवस आला. धाकटीनं बिनसाखरेचं चॉकलेट आणलं, कागद काढून तुकडे केले, आणि थोरलीच्या डब्यातलं गोड चॉकलेट काढून हे भरून ठेवलं. रंग तोच, चकाकी तीच. थोरलीनं ते वितळवलं, बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले आणि मूठभरच साखर टाकली. धाकटी दारात उभी राहून बघत होती.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड असं वेडंवाकडं केलं की कवळी हातात आली. दिरानं चावायचं थांबवलं. नवरा गटागटा पाणी प्यायला. थोरली एकेकाचा चेहरा बघत राहिली. काहीतरी चुकलंय एवढं कळलं. काय, ते जीभ सांगेना. तिच्या तोंडात नुसता ओला कापूस फिरत होता.

"काय झालं बाबा?"

"तूच सांग," सासरे म्हणाले. "केक तुझा."

"ताई, खाल्लात ना तुम्ही?" धाकटी लाडात आली. "मग सांगा की."

थोरलीनं भराभर विचार केला. चॉकलेट तर गोडच होतं. म्हणजे साखरेला हात सैल सुटला असणार.

"जरा गोड झालाय," ती हसून म्हणाली. "मुद्दामच केला. बाबांना गोड आवडतं ना."

मग दीर फुटला.

"गोड? वहिनी, अहो, कडूजहर आहे!"

आणि सगळं टेबल हसायला लागलं. सर्वांत मोठ्यानं तिचा नवरा. सासऱ्यांनी नीट हसता यावं म्हणून कवळी परत बसवली.

"अगंबाई! ताई, तुम्हाला चवच लागत नाही?" धाकटीनं गालावर हात ठेवला. "मग हा उरलेला तुम्हीच संपवा बाई. तुम्हाला गोड लागतोय, वाया कशाला घालवायचा?" तिनं चांगला जाड तुकडा बशीत वाढला.

थोरलीनं तो खाल्ला. खाताना निदान तोंड बंद ठेवता येतं.

ओव्हन धाकटीकडे गेला. थोरलीकडे किसणी आली.

थोरलीच्या नवऱ्याच्या वाढदिवसाला धाकटीचा केक झाला. जो तो वा वा करत होता.

"ताई, कसा झालाय?" धाकटीनं विचारलं, आणि सगळ्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमा झालं.

जीभ मेली होती, पण दात आणि टाळू शाबूत होते. घासाचा दातांखाली भुगा झाला, घशाशी अडकला. केक ओव्हनमध्ये जास्त राहून खडखडीत वाळला होता. टेबलाशी हे सांगण्याची छाती कुणाची नव्हती, थोरलीची होती.

"कोरडा..." तिनं सुरुवात केली.

"काय म्हणतेय?" सासऱ्यांनी कानामागे हात धरला.

"फार गोड झालाय म्हणतेय," नवरा म्हणाला. पुन्हा हशा पिकला.

"छान झालाय," थोरली म्हणाली, आणि घसा धरून पाणी मागू लागली. कुणी उठलं नाही. सगळे पोट धरून हसत होते.