नदी उतरवणारे भाऊजी

माशांची काळजी वाहण्यात आमच्या भाऊजींचा हात धरणारा माणूस साऱ्या अमेरिकेत सापडणार नाही, आणि माशाच्या नुसत्या वासाने त्यांच्याइतका कासावीस होणाराही सापडणार नाही. भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, ताईचे, यजमान. ताई मालवणची. तिच्या माहेरी सकाळचा चहा होतो न होतो तोच आज बाजारात काय आलंय याची चर्चा सुरू होते. भाऊजी सोलापूरकडचे, त्यांच्या घरी कांदासुद्धा वार बघून चिरायचे. हे लग्न जमलं कसं यावर आमच्या घराण्यात अजून संशोधन चालू आहे. वॉशिंग्टन राज्याच्या डोंगराआडच्या कोरड्या पट्ट्यात त्यांचं घर आहे. ताईला सुरमई तळायची हुक्की आली की ती गराजमध्ये जाते. तिथे वेगळी शेगडी, वेगळा तवा, दार सताड उघडं आणि भाऊजी नाकाला रुमाल लावून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण याच माणसाने उभी हयात घालवली ती सॅमन नावाच्या माशाची बाळंतपणं सुखरूप पार पाडण्यात. ती सॅमन मात्र ताईही खात नाही. विचारलं तर म्हणते, "अगं, ह्यांच्या ऑफिसातल्याच त्या. ऑफिसच्या लोकांना कोण खातं?"

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. डोंगरातल्या धरणातून कधी आणि किती पाणी सोडावं हे सुचवायचं. धरणाखाली सफरचंदांच्या बागा आहेत, त्यांना उन्हाळाभर पाणी हवं. त्याच नदीत सॅमन समुद्रातून शेकडो मैल उलटी पोहत येते, जिथे जन्मली नेमक्या त्याच वळणावर सप्टेंबरात अंडी घालते आणि तिथेच मरते. आता त्या इतक्या थोड्या उरल्या आहेत की सरकारने त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं आहे. म्हणजे पाणी एकच, आणि मागणारे दोन, त्यातल्या एकाला तर तोंडही नाही. बागवाले भाऊजींना माशांचा माणूस म्हणतात आणि मासेवाले त्यांना बागवाल्यांचा माणूस म्हणतात. भाऊजींना याचा कोण आनंद! "दोन्हीकडून शिव्या सारख्याच पडतायत ना? मग काटा बरोबर मध्ये आहे," असं ते एखादं प्रशस्तिपत्रक मिळाल्यासारखं सांगतात.

थंड पाणी हा त्यांचा ध्यास. सॅमनला पाणी गार लागतं, म्हणून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असतो, आणि तो दिसेल त्या पाण्यात बुडतो. आमच्या कॅलिफोर्नियातल्या, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी त्यात थर्मामीटर घातला, आकडा वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "ह्यात काही जगणार नाही." तोच थर्मामीटर त्यांनी माझ्या मुलीच्या अंघोळीच्या टबातही घातला. ती तेव्हा चार वर्षांची होती. तिने टबातूनच विचारलं, "काका, ॲम आय अ फिश?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "नाही बाळा. तू असतीस तर मी इतका वेळ शांत बसलो असतो का?"

त्यांच्या गाडीत बसणं हा तर स्वतंत्र छळ. वाटेत पूल आला की गाडी थांबते. नदीचा पूल, ओढ्याचा पूल, पावसाच्या पाण्याच्या नाल्यावरचा पूल, काहीही चालतं. भाऊजी उतरतात, कठड्यावरून वाकतात आणि पाण्याकडे असं बघतात की जणू आत कुणी ओळखीचं राहतं. एकदा मागून पोलिसाची गाडी आली. हा माणूस उडी तर मारणार नाही ना, अशी त्या पोलिसाला रास्त शंका आली होती. भाऊजींनी त्याला सॅमनचं सगळं चरित्र अंड्यापासून ऐकवलं. समुद्रापर्यंत पोचेतो पोलिसाचा चेहरा पडला आणि परतीचा प्रवास सुरू व्हायच्या आत त्याने आम्हाला हात जोडल्यासारखं करून जायला सांगितलं. आमच्या इथल्या मराठी मंडळींनी त्यांना गणपतीत भाषणाला बोलावलं तेव्हा सुटकेची ही सोय कुणालाच नव्हती. मागे मसालेभाताचा वास सुटलेला, पोरं चुळबुळतायत, आणि भाऊजी धरणाच्या तळाच्या गार पाण्यावर बोलतायत. शेवटी अध्यक्षांनी आरतीच सुरू केली. भाऊजींनी टाळ्या वाजवत आरती म्हटली आणि प्रसाद घेताना अध्यक्षांना विचारलं, "मग, हिवाळ्याचं सांगायचं राहिलं, ते कधी?"

पण या सगळ्या विक्षिप्तपणाच्या तळाशी एक गोष्ट होती, आणि ती गमतीची नव्हती. भाऊजी कधी कुणाला निभावता येणार नाही असं काही कबूल करत नसत. त्यांचे वडील सोलापूरकडे पाटकरी होते, म्हणजे कालव्याची दारं उघडून ज्याच्या त्याच्या शेताला पाळीने पाणी देणारे. पाळी पुढेमागे व्हावी म्हणून कुणी पेरूंची टोपली आणली की वडील ती तशीच परत पाठवायचे. तेच मुलात उतरलं. लग्न ठरताना ताईच्या वडिलांनी भाबडेपणाने विचारलं, "मुलीला सुखात ठेवाल ना?" कुठल्याही शहाण्या मुलाने हो म्हटलं असतं. भाऊजी विचार करून म्हणाले, "दोन वेळचं जेवण नक्की. बाकीचं दर वर्षी पाऊसपाणी बघून सांगता येईल." मावशीने पदर तोंडाला लावला. ताई मात्र आतल्या खोलीत हसली, आणि तिने तिथेच होकार दिला.

नदीशीही ते असेच वागत. दर वर्षी सप्टेंबर लागला की, सॅमन यायच्या आधीच, ते नदी उतरवायला लावत, म्हणजे धरणातून सुटणारं पाणी कमी करायला लावत. मला हे प्रथम कळलं तेव्हा मी चिडलेच. एवढ्या लांबून थकून येणार बिचाऱ्या, आणि हे पाणी तोडतात! भाऊजींनी मला नदीवर नेलं. त्यांच्या घरामागे नदीचं एक वळण आहे, दोन्ही काठांना गोट्यांचा उतार आहे. ते म्हणाले, "मेहुणीबाई, आत्ता नदी भरून ठेवली तर सॅमन वर काठापर्यंत येऊन गोट्यांत अंडी घालेल. पुढे हिवाळ्यात एवढं पाणी मी कुठून आणू? पाणी खाली गेलं की अंडी उघड्यावर. त्यापेक्षा तिला आधीच कमी दाखवायचं. मग ती खोलात घर करते, आणि तेवढं पाणी मी वसंतापर्यंत पुरवू शकतो." मग जरा खालच्या आवाजात, "शेवटपर्यंत देता येईल तेवढंच पहिल्या दिवशी द्यायचं."

शेजारी वॉल्टर नावाचा म्हातारा सफरचंदवाला आहे. भाऊजी त्याला वॉल्टरराव म्हणतात आणि तोही ते नाव घेऊन हाक मारल्यावर ओ देतो. दर ऑगस्टात वॉल्टरराव लवकर पिकलेल्या सफरचंदांची टोपली घेऊन पुढच्या दाराने यायचा, नदी थोडी उशिरा उतरवता येईल का म्हणून विचारायचा. भाऊजी टोपली परत करायचे, तो हसत मागल्या दाराने जायचा आणि ताई ती निमूट ठेवून घ्यायची. पाण्याच्या बाबतीत या टोपलीचा शून्य उपयोग व्हायचा, हे तिघांनाही ठाऊक होतं. शेजारधर्म म्हणून तो खेळ वर्षानुवर्षं चालला.

चार वर्षांपूर्वी मात्र ऑगस्ट संपता संपता असं ऊन पडलं की पानं झाडावरच करपायला लागली. वॉल्टररावाने त्या वसंतात नवी कलमं लावली होती. ऐंशीच्या घरातला माणूस, त्या झाडांची फळं खायला आपण असू की नाही हे माहीत नसताना लावलेली. तो संध्याकाळी आला तो मोकळ्या हातांनी. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "मी मागायला आलो नाही. झाडं लहान आहेत, हे फक्त तुला सांगायला आलो." आणि परत गेला. ताई सांगते, भाऊजी कितीतरी वेळ दार उघडं ठेवून तसेच उभे होते. "टोपली असती तर परत केली असती गं," असं ते नंतर मला म्हणाले. "नुसत्या हातांना काय परत करायचं?" त्या वर्षी त्यांनी नदी आठवडाभर उशिरा उतरवावी असं सुचवलं. भाऊजी असं कधी सुचवत नाहीत, म्हणून वरच्यांनी ते लगेच मान्य केलं. कलमं जगली.

आणि त्याच आठवड्यात सॅमन लवकर आल्या. घरामागचं वळण काठोकाठ भरलेलं. भरल्या नदीवर विश्वास ठेवून त्यांनी अगदी वर, काठाच्या गोट्यांत अंडी घातली. भाऊजींची सगळी भिस्त आता हिमावर होती. डोंगरात बर्फ पडलं तर धरण भरेल, मग हिवाळाभर जास्त पाणी सोडता येईल, अंडी झाकलेली राहतील. मी नाताळच्या सुट्टीत गेले तेव्हा डोंगर तपकिरी होते. भाऊजी सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी खिडकीतून डोंगराकडे बघायचे. ताई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "फोरकास्ट रोज दहादा चेक करतायत यार. जेवणात लक्ष नाही. थर्मामीटर कुठे ठेवलाय तेही आठवत नाहीये."

शेवटी पाणी आणखी कमी करावं लागलं. धरणात उरलेलं राखलं नाही तर उन्हाळ्यात बागांनाही नाही आणि पुढच्या सॅमनलाही नाही, असा हिशेब होता, आणि तो मांडून वर पाठवणं भाऊजींचंच काम होतं. त्यांनी ते केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या वळणावर काठाचे गोटे उघडे पडले, आधी ओले, मग दुपारपर्यंत कोरडे व्हायला लागलेले.

मी खिडकीतून पाहिलं तर भाऊजी घरातली बादली आणि तांब्या घेऊन चालले होते. मी मागे धावले. संरक्षित माशाच्या अंड्यांना हात लावायचा नाही, त्या गोट्यांवर पायही द्यायचा नाही, असा कायदा, आणि तो मोडणारे भाऊजी नव्हेत. ते काठाबाहेर उभे राहून, हात लांबवून, पिंडीवर घालावं तसं तांब्याने बारीक धारेत पाणी घालत होते. "ओल राहिली तर काही दिवस तग धरतात," ते म्हणाले. "फक्त थंडी गोठवणारी नको पडायला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मी केलं. त्या वर आल्या कारण मी नदी भरलेली दाखवली."

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. वॉल्टररावाने कुणाकडून तरी ऐकलं होतं. बागेत फवारणी करायची मोठी टाकी पाण्याने भरून, ट्रॅक्टरला जोडून तो थेट काठावर आला होता, धापा टाकत. भाऊजी टाकीकडे धावले, आणि मग टाकीवरचा हात हळूच काढून घेतला. "वॉल्टरराव, ह्यात औषध होतं. कितीही धुतलं तरी अंडी मरतील." म्हातारा टाकीकडे बघत राहिला. मग ट्रॅक्टर तिथेच सोडून चालत घरी गेला आणि दोन बादल्या घेऊन आला. ताईही पातेलं घेऊन आली. आम्ही चौघं अंधार पडेपर्यंत नदीतलं पाणी नदीच्याच काठावर घालत होतो. दुसऱ्या दिवशी घातलं, तिसऱ्या दिवशीही घातलं. मग आभाळ निरभ्र झालं आणि कडाक्याची थंडी पडली. सकाळी गोट्यांवर काचेसारखं बर्फ होतं. भाऊजींनी बादली भरली, पुन्हा नदीत ओतली आणि घरी येऊन अंघोळीला गेले. नळ बराच वेळ वाहत होता. पाण्याचा थेंब वाया गेला की घर डोक्यावर घेणारा माणूस तो, पण त्या दिवशी ताईने दार वाजवलं नाही.

खोलातली अंडी जगली, म्हणून नदीत मासे आहेत. पण सॅमन जन्मल्या जागीच परतते, आणि बहुतेक चौथ्या वर्षी. त्यामुळे घरामागचं ते वळण कधी रिकामं राहणार हे भाऊजींना चार वर्षं आधीपासून माहीत होतं. या मधल्या काळात ते तसेच वागत होते, पुलांवर थांबत होते, लोकांच्या चहात थर्मामीटर घालत होते. फक्त कुणी हसलं की पूर्वीसारखे आणखी दोन वाक्यं जोडत नसत. मला त्यांचं ते अर्ध्यावर थांबणं सहन होत नसे. गेल्या महिन्यात त्यांनी फोन केला, "मेहुणीबाई, सप्टेंबरात दोन दिवस याल का?" यंदा ते चौथं वर्ष होतं. मी तिकीट काढलं.

नदी ठरल्या दिवशी उतरवली होती. वॉल्टरराव घडीची खुर्ची घेऊन आधीच काठावर बसला होता. त्याला आता नीट दिसत नाही, तो भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघून समजून घेतो. पहिल्या दिवशी वळणावर काहीच नव्हतं. स्वच्छ पाणी आणि तळाचे गोटे. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भाऊजींनी माझं मनगट धरलं. एक सॅमन होती. अंग ठिकठिकाणी पांढरं पडलेलं, शेपटी फाटलेली. ती वळणात दोनदा फिरली, मग मधोमध खोलात थांबली आणि आडवी होऊन शेपटीने गोटे उडवत अंड्यांसाठी खळगा करायला लागली. वॉल्टररावाने विचारलं, "किती?" भाऊजींनी त्याच्या हातावर एक बोट ठेवलं.

ऊन उतरलं तशी घरातून ताईची हाक आली, पानं वाढली आहेत, चला. वॉल्टरराव उठला, मीही उठले. भाऊजी पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्ही सुरू करा. मी बसतो इथे थोडा. ती एकटीच आली आहे."

आम्ही दोघं पुन्हा बसलो.